नांदेड ते लातूर, पंचवीस मिनिटं

नांदेडहून लातूरला विमानानं जायला पंचवीस मिनिटं लागतात. हे वाक्य मी नोकरीत किती वेळा लिहिलं याची मोजदाद नाही. त्या विमानात मी एकदाही बसलेलो नाही. खरं तर कुठल्याच विमानात बसलेलो नाही. तरीही ते वाक्य माझ्या नावावर आहे, आणि त्यामुळं एका माणसाचं काय झालं ते कधीतरी लिहून ठेवायला हवं होतं.

मी एका सरकारी कचेरीत राजशिष्टाचाराचं टेबल सांभाळायचो. कोणत्या कचेरीत ते लिहीत नाही. लातुरात कचेऱ्या पुष्कळ आहेत. राजशिष्टाचार या शब्दानं लोक दबकतात, पण काम साधं आहे. मोठ्या माणसांचा दौरा लागला की त्यांनी किती वाजता यायचं, कोणत्या गाडीत बसायचं, पुष्पगुच्छ कोणी द्यायचा, जेवण कुठं, हे सगळं एका कागदावर आणायचं. त्या कागदाला दौरा कार्यक्रम म्हणतात. दीड पानाचा असतो. त्याची स्वतःची भाषा असते. माणूस तिथं जात नाही, 'प्रयाण' करतो. 'राखीव' असं लिहिलं की समजायचं, साहेब झोपणार आहेत किंवा कोणाला तरी गुपचूप भेटणार आहेत. 'सोयीनुसार' म्हणजे कोणालाच काही माहीत नाही.

या कामाचा मला अभिमान होता, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. आमचं गाव शिरूर अनंतपाळ तालुक्यात. घरात पहिला पदवीधर मी. वडिलांना घड्याळ वाचता येत नसे. ते एस.टी.वर वेळ सांगायचे. उदगीरची गाडी गेली की न्याहारी, परत आली की बैल सोडायचे. गाडी आली नाही तर त्या दिवशी बैलांना जास्त काम पडायचं. अशा माणसाचा मुलगा मंत्र्यांना मिनिटं वाटून देत होता. शाळेतल्या गुरुजींनी माझ्या कॉलेजच्या वसतिगृहासाठी स्वतः खेटे घातले नसते तर मीही एस.टी.चीच वाट बघत बसलो असतो. म्हणून मी कागदावर एक मिनिटही इकडचं तिकडं होऊ देत नसे.

आता ती पंचवीस मिनिटं आली कुठून, ते सांगतो. टेबल माझ्याकडं आलं तेव्हा आधीच्या भाऊसाहेबांनी एक जाड फाइल दिली आणि म्हणाले, ''यात सगळं हाय. नवीन काय लिहायचं न्हाई. नावं बदलायची, तारीख बदलायची, बास.'' फाइलमध्ये जुने दौरे होते. त्यात नांदेड विमानतळाहून प्रयाण आणि लातूर विमानतळावर आगमन यांत पंचवीस मिनिटं होती. त्याच्या मागच्या दौऱ्यात पंचवीस. त्याच्याही मागच्या दौऱ्यात पंचवीस. सगळ्यात खालचा कागद इतका पिवळा झाला होता की आकडा दिसत नव्हता, पण तोही पंचवीसच असणार.

मी नवीन होतो, उत्साह होता. मुलीचा नववीचा नकाशासंग्रह घेतला, नांदेडच्या ठिपक्यावर पट्टी ठेवली आणि लातूरच्या ठिपक्यापर्यंत मोजलं. सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरच्या आसपास निघालं. रस्त्यानं एकशे चाळीस वगैरे. विमानाचा वेग एका मासिकात वाचला होता. भागाकार केला तर वीस-बावीस मिनिटं आली. म्हणजे जुन्या माणसांनी तीन मिनिटं धरून ठेवली होती. त्यांच्याबद्दल आदर वाटला.

पुढं एकदा लातूर विमानतळावर विमान चालवणाऱ्या कॅप्टनसाहेबांची गाठ पडली. पाहुणे शहरात गेले होते आणि कॅप्टन सावलीत खुर्ची टाकून शेंगा खात बसले होते. मी त्यांना माझा भागाकार सांगितला. ते हसले. म्हणाले, ''भाऊसाहेब, तुमचा हिशोब बरोबर आहे, फक्त तुमचं विमान नांदेडच्या ठिपक्यावरून लातूरच्या ठिपक्यावर टुणकन उडी मारतंय. माझं तसं करत नाही.''

मग त्यांनी समजावून सांगितलं. इंजिन सुरू केल्यावर परवानगी येईपर्यंत थांबावं लागतं. मग धावपट्टीच्या टोकाला सावकाश जायचं. उडाल्यावर वर चढायचं, आणि इतक्या कमी अंतरात धड वर पोचत नाही तोच खाली उतरायची तयारी. वारा ज्या बाजूनं असेल त्या बाजूला तोंड करून उतरायचं, म्हणून गावाला वळसा. उतरल्यावर पुन्हा हळूहळू जागेवर यायचं. ''इंजिन सुरू केल्यापासून बंद करेपर्यंत पंचेचाळीस मिनिटं धरा. अंतर जितकं कमी, तितकं विमान तोट्यात.''

''पण आम्ही पंचवीस लिहितो.''

''लिहा की,'' कॅप्टन म्हणाले. ''तुम्ही कागदावर उडवता. तिथं वारा नसतो.''

पुढच्या दौऱ्यात मी प्रामाणिकपणे पंचेचाळीस लिहिलं. दुसऱ्याच दिवशी मुंबईहून मंत्र्यांच्या स्वीय सहायकांचा फोन. ''पंचेचाळीस? मागच्या वेळी तर पंचवीस होते. काय झालं, लातूर लांब गेलं का?'' मी कॅप्टनसाहेबांचं सगळं सांगायला सुरुवात केली. ते म्हणाले, ''ते राहू द्या हो. साहेब विचारतात, विमानात आणि मोटारीत फरक काय मग. पंचवीस करा.'' मी पंचवीस केले. त्यानंतर पुन्हा कधी बदललं नाही. ज्याला चूक माहीत नसते त्याची गोष्ट वेगळी. मला माहीत होती.

तसा एक पुरावा रज्जाकभाईंनीही दिला होता. रज्जाकभाई आमचे जुने ड्रायव्हर. एकदा पाहुण्यांची बॅग नांदेडच्या विश्रामगृहात राहिली, म्हणून ती घेऊन रज्जाकभाई गाडीनं निघाले. त्याच वेळी पाहुणे विमानतळाकडं निघाले. विमानतळावर कार्यकर्त्यांचे हार, मग एक निवेदन, मग फोटो, मग विमान. लातूरला उतरल्यावर मानवंदना, पुन्हा हार, पुन्हा निवेदन, मग दहा-बारा किलोमीटरवरच्या शहरापर्यंत ताफा, आणि वाटेत चार ठिकाणी स्वागत. विश्रामगृहाच्या दारात पाहुणे उतरले तेव्हा रज्जाकभाई बॅग घेऊन पायरीवर उभे.

''कधी आलात?'' मी हळूच विचारलं.

''होगये दस मिनट. रास्ते में अहमदपूर को चाय भी पीके आया,'' रज्जाकभाई म्हणाले. ''सायबाला सांगू नका भाऊसायब, उगं विमानाला वाईट वाटंल.''

आणि देगलूरकडचे एक म्हातारे गृहस्थ. दौरा कार्यक्रम वर्तमानपत्रात छापून येतो. तो कापून, घडी करून ते आमच्या कचेरीत आले. लेक लातुरात दिली होती, तिचं बाळंतपण होतं. त्यांनी कात्रण टेबलावर ठेवलं आणि त्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, ''ही पंचवीस मिनिटाची गाडी रोज किती वाजता सुटती?'' मी सांगितलं, ही गाडी नाही, विमान आहे, आणि ते आपल्यासाठी नाही. त्यांना राग आला नाही. ''मग पेपरात कशाला छापता?'' एवढंच म्हणाले आणि कात्रण पुन्हा घडी करून खिशात ठेवलं.

हे सगळं हसण्यावारी गेलं. आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो.

माझ्या निवृत्तीच्या दोन वर्षं आधीची गोष्ट. एक मोठे साहेब नांदेडला मुक्कामी होते आणि दुसऱ्या दिवशी विमानानं लातूरला येणार होते. तारीख एकतीस मे. साडेअकराला नांदेडहून प्रयाण, अकरा पंचावन्नला लातूरला आगमन, साडेबाराला आमच्या सभागृहात कार्यक्रम. कार्यक्रमात त्यांच्या हस्ते अनुकंपेच्या नऊ ऑर्डरी द्यायच्या होत्या.

अनुकंपा म्हणजे नोकरीत असताना माणूस गेला तर घरातल्या एकाला नोकरी देतात ती. यादी असते, नंबर लागायला वर्षं जातात. त्या नऊ ऑर्डरी खरं तर पंधरा दिवसांपूर्वीच तयार झाल्या होत्या. आमच्या मॅडमनी, म्हणजे कचेरीच्या प्रमुख अधिकाऱ्यांनी, सह्याही केल्या होत्या. पण मान्यवरांच्या हस्ते द्यायच्या म्हटल्यावर त्या थांबवून ठेवल्या. आमच्याकडं अशी पद्धत होती की ऑर्डरीवर तारखेची आणि जावक क्रमांकाची जागा कोरी ठेवायची आणि कार्यक्रमाच्या दिवशी, पाहुणे निघाल्याची खबर आली की भरायची, म्हणजे ऑर्डर ताजी दिसते. जावक क्रमांक म्हणजे कागद कचेरीबाहेर पडल्याची नोंद. तो पडेपर्यंत ऑर्डर असूनही नसते. नऊ पाकिटं, लाल फितीत बांधलेली, माझ्या कपाटात होती.

त्या दिवशी सकाळी नऊला नांदेडहून नागनाथअप्पांचा फोन आला. अप्पा म्हणजे नांदेडच्या बाजूनं माझ्यासारखंच काम करणारे. मूळचे देगलूरचे, आयुष्यात कधी घाई न केलेला माणूस.

''भाऊसाहेब, उभे हात का बसलात?''

''उभा आहे.''

''बसा. साहेब माहूरला निघाले.''

मी बसलो. साहेबांसोबत त्यांच्या सौभाग्यवती होत्या. सकाळी चहाला त्यांनी विचारलं, माहूर नांदेड जिल्ह्यातच आहे ना? सगळे म्हणाले, हो. ते खरंच होतं. रेणुकामातेचं दर्शन घेऊन येऊ, असं ठरलं. माहूर जिल्ह्याच्या पार त्या टोकाला आहे आणि रस्त्यानं जायला लातूरइतकाच वेळ लागतो, हे सांगणारा तिथं कोणी नव्हता.

''तुम्ही नाही सांगितलं?'' मी विचारलं.

''मला कोण इचारतंय? मी दाराबाहेर होतो. जिल्ह्यातल्या जिल्ह्यात हाय म्हणले अन् गाडीत बसले बी. आता तीन तास जायला, तीन यायला, वर पायऱ्या, दर्शन, जेवण. तुमी तिकडं लोकायला चहा पाजून रहा.''

सभागृहात दहापासून लोक येऊन बसले होते. नऊ जण, आणि प्रत्येकाबरोबर घरची चार-पाच माणसं. नवे कपडे, कोणाच्या हातात पेढ्यांचा डबा. मेमधलं लातूर. पंखे गरम हवा इकडून तिकडं ढकलत होते. मी जाहीर केलं की कार्यक्रम थोडा पुढं गेला आहे. 'थोडा' हाही आमच्या भाषेतलाच शब्द.

तीनच्या सुमाराला त्या नऊ जणांतल्या सुनंदाताई माझ्या टेबलाशी आल्या. यजमान शिपाई होते, अकरा वर्षांपूर्वी गेले. तेव्हापासून ताई शिकवणीच्या मुलांना डबे करून घर चालवत होत्या. म्हणाल्या, ''भाऊसाहेब, साहेब आज आलेच न्हाईत तर?''

''उद्या येतील. उद्या देऊ.''

''उद्या न्हाई चालत.'' त्यांनी पिशवीतून शाळा सोडल्याच्या दाखल्याची झेरॉक्स काढली आणि माझ्यासमोर ठेवली. जन्मतारीख एक जून.

मला हसू आलं. आमच्या भागात हसू येण्यासारखीच गोष्ट आहे ती. पूर्वी आईबाप पोराला शाळेत घालायला आणायचे तेव्हा जन्मतारीख कोणाला ठाऊक नसे. गुरुजी पोराला उजव्या हातानं डोक्यावरून डावा कान धरायला लावायचे. कान सापडला की सहा वर्षं पूर्ण, आणि तारीख लिहायची एक जून. त्यामुळं आमच्याकडं अर्ध्या माणसांचा वाढदिवस एक जून असतो आणि एकतीस मेला कचेऱ्यांमध्ये निरोप समारंभाच्या शाली कमी पडतात. माझीही कागदावरची तारीख एक जूनच. आई म्हणायची, मी दिवाळीचा.

''माझीपण एक जूनच,'' मी म्हणालो.

''तुमचं काय जातंय हो? तुमी केक कापताल,'' ताई म्हणाल्या. ''मला उद्या पंचेचाळीस पुरं होतात.''

मग माझं हसू गेलं. अनुकंपेच्या यादीत पंचेचाळीसची अट होती. पंचेचाळीस पूर्ण झाली की नाव आपोआप कमी. ऑर्डरीवर उद्याची तारीख पडली तर ताई ज्या कचेरीत रुजू होणार तिथला आस्थापनेचा कारकून पहिला प्रश्न वयाचाच विचारणार. अकरा वर्षं थांबलेली बाई, सही झालेली ऑर्डर कपाटात, आणि मधे एक कोरी जागा.

मी मॅडमकडं गेलो. त्या मोबाइलवर ताफ्याची खबर घेत होत्या. मी ताईंचं सांगितलं. त्या म्हणाल्या, ''कळलं. पण आजच होईल ना. साहेब सहापर्यंत नांदेडला पोचतायत. तुमच्या कार्यक्रमात पंचवीस मिनिटं आहेत. सव्वासहाला निघाले तरी सहा चाळीसला इथं. सूर्यास्त सातच्या आसपास. बसू द्या लोकांना.''

मॅडमचा हिशोब चोख होता. आकडा माझा होता.

बाहेर येऊन मी नांदेडच्या विमानतळावर थांबलेल्या कॅप्टनसाहेबांना फोन लावला. ते म्हणाले, ''अंधारात मी लातूरला उतरणार नाही. उजेडात चाकं टेकायला पाहिजेत आणि हाताशी थोडा वेळ पाहिजे. सहाच्या आत साहेब माझ्या विमानात बसलेले असले तर येतो. सहा वाजून पाच मिनिटांनी आले तर नमस्कार करीन आणि चहा देईन.''

पाच वाजून वीस मिनिटांनी अप्पांना विचारलं.

''भोकरच्या अलीकडं न्हाईत अजून,'' अप्पा म्हणाले. ''वाटंत एका ठिकाणी उसाचा रस झाला, एका ठिकाणी सत्कार झाला. सातच्या आत नांदेड दिसत न्हाई.''

म्हणजे विमान येणार नाही, हे आम्हा तिघांना ठाऊक होतं: एक कॅप्टन, एक अप्पा आणि एक मी. सव्वासहाला जावकचा कारकून रजिस्टर कुलपात ठेवून घरी जाणार होता. मॅडमना सांगायचं म्हणजे विमान येणार नाही एवढंच सांगून भागत नव्हतं. ते का येणार नाही हेही सांगावं लागणार होतं.

मी केबिनमध्ये जाऊन उभा राहिलो. म्हणालो, ''मॅडम, साहेब आज येत नाहीत.''

''कोणी सांगितलं? सहाला पोचले की पंचवीस मिनिटं…''

''ते पंचवीस खरे नाहीत.''

मॅडमनी फोन खाली ठेवला. ''म्हणजे?''

''खरे पंचेचाळीस आहेत. मागच्या दौऱ्यावरून उतरवले होते. त्या आधीच्यांनीही मागच्यावरूनच.''

''तुम्हाला कधीपासून माहीत आहे?''

''सहा वर्षं झाली असतील.''

मॅडमनी समोरचा दौरा कार्यक्रम घडी करून बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, ''दोन वर्षं मी या कागदाखाली सही करतेय, भाऊसाहेब.'' त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. मी खाली बघत राहिलो. गुरुजींची आठवण आली. त्यांनीही माझ्यासमोर असंच एकदा प्रगतिपुस्तक बंद करून ठेवलं होतं.

नंतर त्यांनी अप्पांशी आणि स्वीय सहायकांशी बोलून खात्री केली. साहेब नांदेडलाच मुक्काम करणार आणि सकाळी मोटारीनं येणार, असं ठरलं. मॅडम मला म्हणाल्या, ''त्या बाईंच्या ऑर्डरीवर आजचा जावक टाका आणि हातात द्या. बाकीच्या राहू देत. उद्या साहेबांच्या हातात काहीतरी द्यायला लागेल ना. फोटोत नऊच दिसले पाहिजेत. बाईंच्या पाकिटात झेरॉक्स घाला.''

मी कपाट उघडलं, लाल फीत सोडली आणि गठ्ठ्यातून सुनंदाताईंचं पाकीट शोधून काढलं. जावकचा कारकून पिशवी खांद्याला लावून उभा होता, त्याला परत बसवलं. क्रमांक पडला, एकतीस मे तारीख पडली, शिक्का बसला. ताईंनी स्थळप्रतीवर, म्हणजे कचेरीत राहणाऱ्या प्रतीवर, सही करताना तीन वेळा विचारलं, आजचीच तारीख ना? मग त्या भिंतीकडं तोंड करून पदरानं डोळे पुसत उभ्या राहिल्या. मला फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, त्या संध्याकाळी मी स्वतःवर खूश होतो. पंचवीस मिनिटांचं पाप एका जावक क्रमांकानं फिटलं, असं वाटलं होतं.

सभागृहात जाऊन सगळ्यांना सांगितलं की कार्यक्रम उद्या सकाळी साडेदहाला. लोक कुरकुरले. पहिल्या रांगेत ज्ञानोबा बसले होते. आमच्याच शिरूर अनंतपाळ तालुक्यातले, वडील पाटबंधाऱ्यावर चौकीदार होते. दिवसभरात आमची ओळख निघाली होती. त्यांनी सुनंदाताईंना पाकीट मिळालेलं पाहिलं होतं.

मी विचारलं, ''काय ज्ञानोबा, तुम्हाला चालेल ना उद्या?''

''चालतंय की,'' ते म्हणाले. ''बाईचं आधी केलात ते लई चांगलं केलात. तिचं वय निघून चाललं होतं म्हणं. आमाला काय घाई न्हाई. बारा वर्सं थांबलो, एक रात अजून. पुन्यांदा नवा शर्ट मात्र न्हाई, हाच घालावा लागंल.''

शेजारचे हसले. मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी साहेब मोटारीनं निघाले आणि ठरल्या वेळेच्या दहा मिनिटं आधी पोचले. रज्जाकभाईंनी माझ्याकडं बघून मिशीवरून बोट फिरवलं. कार्यक्रम झकास झाला. आठ ऑर्डरींवर एक जून तारीख पडली. साहेबांनी नऊ पाकिटं वाटली, फोटो झाला.

चौथ्या दिवशी ज्ञानोबा माझ्या टेबलाशी आले. तोच शर्ट. हातात तेच पाकीट.

''भाऊसाहेब, ते रुजू करून घेइनात. वय झालं म्हनतेत.''

''कसं झालं? तुमचं वय किती?''

''आई सांगती, मी पोळ्याचा. पोळ्याला पंचेचाळीस होतेत. अजून तीन म्हैने हाईत. मी तसं त्यांना म्हनलो. ते म्हनले, कागदावर एक जून हाय.''

मी ऑर्डर हातात घेतली. दुसऱ्या ओळीत, नावाच्या पुढं, जन्मतारीख छापलेली होती. नऊच्या नऊ ऑर्डरींवर ती तिथंच असते. त्या संध्याकाळी फीत सोडून मी पूर्ण गठ्ठा चाळला होता, पण सुनंदाताईंचं नाव शोधत होतो, म्हणून ऑर्डर पाकिटातून जराशी वर ओढून फक्त पहिली ओळ वाचत गेलो. ज्याची स्वतःची तारीख एक जून, ज्याला आमच्या भागातल्या गुरुजींची पद्धत पाठ, त्याला त्या गठ्ठ्यात दुसरा एक जून असू शकेल असं वाटलं नाही. पाकीट माझ्या हाताखालून गेलं होतं. जावकचा कारकून समोर बसलेला होता. एक क्रमांक टाकायला जितका वेळ लागला, दुसरा टाकायलाही तेवढाच लागला असता.

''मग आता?'' ज्ञानोबांनी विचारलं.

''वयाची अट शिथिल करण्याचा प्रस्ताव पाठवू,'' मी म्हणालो.

तो प्रस्ताव मीच लिहिला. विलंबाच्या कारणात स्पष्ट लिहिलं की दौरा कार्यक्रमात नांदेड-लातूर विमानप्रवासाचा वेळ चुकीचा दाखवला गेल्यामुळं वाटप त्याच दिवशी होईल असं संध्याकाळपर्यंत धरलं गेलं, आणि ही चूक माझी आहे. मॅडमनी ती ओळ खोडून 'अपरिहार्य कारणास्तव' केलं. म्हणाल्या, ''तुम्हाला वाचवायला नाही करत मी हे. असं लिहिलं तर मुंबईचे विचारतील, अंतर मोजलं कोणी, आणि त्याच्यावर चार महिने जातील.'' त्यांचं बरोबर होतं. प्रस्ताव गेला. एक त्रुटी निघून परत आला, ती पूर्ण करून पुन्हा पाठवला. दुसरी निघाली, तीही पूर्ण केली.

दरम्यान मी निवृत्त झालो, अर्थातच एकतीस मेला. शाल मिळाली. त्या आधी मी फाइलमधल्या सगळ्यात वरच्या दौऱ्यावर लाल शाईनं 'पंचेचाळीस' लिहून ठेवलं आणि माझ्या जागी आलेल्या मुलीला समजावून सांगितलं. ती म्हणाली, ''हो सर.'' पुढच्या महिन्यात वर्तमानपत्रात दौरा वाचला. पंचवीसच होते.

त्या कार्यक्रमाचा फोटो माझ्याकडं आहे. नऊ जण ओळीत उभे आहेत, मधे साहेब. सुनंदाताई कडेला आहेत, आणि पाकीट त्यांनी दोन बोटांत धरलंय, कारण त्यात नुसती झेरॉक्स आहे हे त्यांना माहीत होतं. ज्ञानोबांनी आपलं दोन्ही हातांनी छातीशी धरलंय. त्यात खरी ऑर्डर आहे, शाईच्या सहीची. ताई आता नोकरीत आहेत, दिवाळीला फराळाचा डबा पाठवतात. मी तो घेतो. नाही म्हणायचं कारण त्यांना सांगता येत नाही.

ज्ञानोबांचा महिन्याकाठी फोन येतो. मी निवृत्त झालोय हे त्यांना माहीत आहे, पण सरकारातला त्यांच्या ओळखीचा माणूस मीच. मी जुन्या सहकाऱ्यांना विचारून ठेवतो आणि जे कळेल ते त्यांना सांगतो. परवाच फोन आला होता.

''भाऊसाहेब, निघाली का फाइल मुंबईहून?''

''चौकशी केली. वरच्या टेबलावर गेलीय म्हणाले.''

''मग किती दिस लागतील आता?''

''ते मला नाही सांगता येणार.''

''तसं न्हवं, अंदाजे सांगा की. तुमी तर मंत्र्याच्या मिनिटा-मिनिटाचं सांगत होता.''

''अंदाजे नाही सांगणार, ज्ञानोबा.''

फोनवर त्यांच्या पाठीमागं कोणीतरी म्हशीला हाकलत होतं.

''बरं,'' ते म्हणाले. ''मग मी पुढल्या म्हैन्यात करतो फोन.''